डुलत्या नावेतली दुर्बीण

केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात खेळण्यांच्या दुकानांपुढे पोरांची झिम्मड असते. एखाद्याच्या हाती प्लॅस्टिकची दुर्बीण लागते, ती डोळ्याला लावून तो पहिला प्रश्न विचारतो, ‘हिच्यातून किती लांबचं दिसतं?’ गंमत अशी की, मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात शिरून महिन्याची मिळकत खर्चायला निघालेला प्रौढ गृहस्थही नेमका हाच प्रश्न विचारतो. दुकानदार त्याला बारा पट, सोळा पट, वीस पट असे आकडे ऐकवतो, आणि गृहस्थ सर्वांत मोठा आकडा घेऊन समाधानाने घरी येतो.

हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. लांबचे म्हणाल तर नुसत्या डोळ्यांनीही चंद्र दिसतो, आणि चंद्र काही जवळ नाही. दुर्बिणीला विचारायचा खरा प्रश्न असा की, ‘हिच्यातून किती स्थिर दिसते?’ घराच्या गच्चीवर उभे राहून पाहणाऱ्याने हा प्रश्न विचारला नाही तरी एक वेळ चालेल. पण पाण्यावर, तेही कयाकसारख्या चिंचोळ्या नावेत बसून पाहणाऱ्याने तो विचारला नाही, तर पैसे पाण्यात गेले हे वाक्य त्याच्या बाबतीत शब्दशः खरे ठरण्याचा संभव असतो.

केळापूर तालुक्यात हा विषय कशासाठी, असे कोणी म्हणेल. आपल्या भागाला समुद्र नाही हे खरे. पण पाणी नाही असे नव्हे. पांढरकवड्याच्या अंगाने खुनी नदी वाहते, तिच्यावर सायखेड्याचे धरण आहे. दक्षिणेला पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेवरचा पूल ओलांडला की तेलंगण लागते. हिवाळा आला की विदर्भातल्या तलावांवर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उतरतात, आणि हळदी-कुंकू बदक, वारकरी, टिबुकली, पाणकावळा हे घरचे लोक त्यांच्या शेजारी वावरतात. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधच्या पाण्याकाठी वर्षे काढली आणि हे पक्षीजगत मराठी वाचकांच्या घरात आणून सोडले. ते वाचून आपणही एकदा पाण्यात उतरून पाहावे, असे वाटणारे तरुण आता गावोगाव आहेत. अलीकडे महाराष्ट्रातल्या अनेक जलाशयांवर कयाकही दिसू लागल्या आहेत.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्यूइट लोकांची शिकारी नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. माणूस तिच्यात पाय पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे डावी-उजवीकडे मारीत जातो. आज ती बहुधा प्लॅस्टिकची असते, पण तिचा स्वभाव तोच राहिला आहे. ती अरुंद, हलकी, आवाज न करणारी आणि कुशीवर चटकन कलणारी असते. पूर्व विदर्भात एकाच ओंडक्यातून कोरलेल्या डोंग्यात जो कोणी ढीवरबांधवांबरोबर बसला असेल, त्याला हा स्वभाव वेगळा समजावून सांगायला नको. बसणाऱ्याचा डोळा पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर उंचीवर असतो. पक्ष्याला तो उभा माणूस वाटत नाही, म्हणून पक्षी बराच वेळ उडत नाही. पाहण्यासाठी याहून चांगले आसन नाही, आणि दुर्बीण स्थिर धरण्यासाठी याहून वाईट आसनही नाही. आपल्या विषयाची सगळी मेख या एका विरोधात आहे.

आता दुर्बिणीवर छापलेले आकडे घेऊ. ८×३२, ७×५०, १०×४२ अशी अक्षरे तिच्यावर असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो. आठ पटीच्या दुर्बिणीतून १६० मीटरवरचे बदक २० मीटरवर असल्यासारखे दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा वाढला की लाभ वाढतो असे वाटते. पण दुर्बीण नुसते बदक मोठे करीत नाही, ती हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा करते. नाव एक अंश कलली आणि आपल्या कमरेने ते सावरले नाही, तर आठ पटीच्या दुर्बिणीत चित्र आठ अंश उडी मारते, बारा पटीच्या दुर्बिणीत बारा अंश.

दुसरी गोष्ट दृश्यक्षेत्राची. पट जितकी जास्त, तितका नजरेत मावणारा प्रदेश लहान. साधारणपणे आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीत साडेसात अंशांचा देखावा मावतो. शंभर मीटरवर तो सुमारे १३ मीटर रुंद असतो. बारा पटीच्या दुर्बिणीत जवळपास पाच अंश, म्हणजे तितक्याच अंतरावर पावणेनऊ मीटर. आता शंभर मीटरवरचे बदक आपण बरोबर मध्यभागी धरले आहे आणि एक लाट येऊन नाव तीन अंश कलली, असे समजा. त्या अंतरावर तीन अंश म्हणजे सव्वापाच मीटर. आठ पटीच्या दुर्बिणीत मध्यापासून कडेपर्यंत साडेसहा मीटर जागा आहे, म्हणून बदक कडेला सरकेल पण दिसत राहील. बारा पटीत ही जागा सव्वाचार-साडेचार मीटरच आहे. बदक दिसेनासे होईल. मग ते शोधण्यासाठी आपण दुर्बीण फिरवू लागतो, तोवर दुसरी लाट येते. पाच-दहा मिनिटे हा खेळ चालला की डोके गरगरते आणि पोटात ढवळते.

आम्ही हे पुस्तकात वाचण्याआधी भोगले आहे. एका हिवाळ्यात बारा पटीची जड दुर्बीण गळ्यात घालून आम्ही एका तलावावर कयाकमध्ये बसलो. तासाभरात आम्हाला पाणी, आकाश आणि पुन्हा पाणी एवढेच दिसले. शेजारच्या नावेतल्या मित्राजवळ घरातली जुनी सात पटीची दुर्बीण होती. मासा पकडून वाळक्या झाडावर बसलेली कैकर त्याने पाहिली, तिच्या पंजातल्या माशाचे शेपूट हलताना पाहिले, आणि शांतपणे आम्हाला दिशा सांगितली. आम्ही त्या दिशेला कमरेतून वळलो, दुर्बिणीच्या वजनासह एका अंगाला झुकलो, आणि नाव उलटता उलटता राहिली. त्या दिवशी मोठ्या आकड्याचा मोह आमच्यापुरता संपला.

ज्यांचे आयुष्यच पाण्यावर गेले त्यांनी काय निवडले, हे पाहणे उद्बोधक आहे. दुर्बिणीची पहिली नोंद १६०८ सालची, नेदरलँड्समधली. १६०९ मध्ये गॅलिलिओने ती सुधारून आकाशाकडे वळवली. तिच्यातल्या भिंगांच्या रचनेत पट वाढवली की दृश्यक्षेत्र सुईच्या नेढ्याएवढे होई. १८५४ मध्ये इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाने लोलकांच्या साहाय्याने प्रकाशाची वाट दुमडण्याची युक्ती काढली. त्यामुळे लांब नळी आखूड झाली आणि उलटे चित्र सुलटे झाले. १८९४ मध्ये जर्मनीतल्या येना गावच्या झाइस कारखान्याने या युक्तीवर आधारलेल्या दोन्ही डोळ्यांच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. पुढे विसाव्या शतकात देशोदेशींच्या आरमारांनी ७×५० ही दुर्बीण आपलीशी केली. आरमाराला पैशांची वाण नसते, वीस पटीच्या दुर्बिणी त्यांना सहज घेता आल्या असत्या. तरी हातात धरून पाहण्यासाठी त्यांनी सातच पट पुरेशी मानली, कारण पायाखालची फळी हलते हे त्यांना ठाऊक होते. हजारो टनांच्या जहाजावर जे शहाणपण ठरले, ते वीस-पंचवीस किलोच्या कयाकवर अधिकच लागू पडते.

मग आपणही सरळ ७×५० घ्यावी काय? येथे दुसऱ्या आकड्याचा विचार करावा लागतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की जो आकडा येतो, तो डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या टिकलीचा व्यास. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे केली तर नेत्रभिंगात ही गोल टिकली स्वच्छ दिसते. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटरची, ८×४२ मध्ये सव्वापाचाची, ८×३२ मध्ये चाराची, आणि खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये अवघी २.६ मिलिमीटरची असते. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरची होते, तरुणपणी काळोखात सातापर्यंत फुलते आणि वय पन्नाशीपुढे गेले की बहुधा पाचापुढे जात नाही. म्हणजे दिवसा पक्षी पाहणाऱ्याला सात मिलिमीटरच्या टिकलीतला बराच उजेड वायाच जातो. वर ७×५० चे वजन किलोच्या घरात, आणि वल्हे मारून थकलेल्या हातांना ते जाणवते.

पण म्हणून खिशातली चिमुकली दुर्बीण घ्यावी असेही नाही. टिकली लहान असली की डोळा तिच्यावर अचूक ठेवावा लागतो. जमिनीवर ते जमते. डुलत्या नावेत डोळा जरासा ढळला की चित्र काळे पडते, आणि प्रत्येक लाटेबरोबर काळे-उजळ, काळे-उजळ असा लपंडाव सुरू होतो. चार ते सव्वापाच मिलिमीटरची टिकली असली की डोळ्याला इकडेतिकडे सरकायला मोकळीक मिळते. तात्पर्य, कयाकमधून दिवसा पक्षी पाहणाऱ्यासाठी सात किंवा आठ पट आणि ३० ते ४२ मिलिमीटरचे भिंग, ही निवड आम्हाला सर्वांत समंजस वाटते. हलकी हवी त्याने ८×३२ घ्यावी. पहाटे किंवा सायंकाळी पाहणाऱ्याने ८×४२ चे थोडे अधिक वजन सोसावे.

कमी पटीचे आणखी दोन लाभ आहेत. एक, सात-आठ पटीच्या दुर्बिणीत जवळ-दूर पुष्कळ अंतरापर्यंतचे एकदम स्पष्ट दिसते, म्हणून मधले चाक सारखे फिरवावे लागत नाही. एक हात वल्ह्यावर असताना ही मोठी सोय. दुसरा लाभ आपल्या हवेतला. विदर्भाच्या उन्हात दहा वाजले की पाण्यालगतची हवा थरथरू लागते, आणि कयाकमधून आपण नेमके त्या थरातून आडवे पाहत असतो. पट वाढवली तर पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी होते. त्या वेळी बारा पटीतून आठ पटीहून अधिक तपशील मिळेल, ही आशा व्यर्थ होय.

यानंतर प्रश्न पाण्याचा. दुकानात ‘पाणी उडाले तरी चालते’ आणि ‘पाण्यात बुडाली तरी चालते’ या दोन गोष्टी एकाच उत्साहाने सांगितल्या जातात. त्या एक नव्हेत. वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात आयपीएक्स ४ असे लिहिले असेल तर ती फक्त शिंतोडे सोसते. आयपीएक्स ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये, असा त्याचा अर्थ. कयाकमध्ये दुसरीच हवी. तिच्या सांध्यांत रबरी कडी असतात आणि आत हवेऐवजी कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो. आत बाष्पच नसल्यामुळे थंड सकाळी पाण्यावर नेली तरी भिंगे आतून धुरकटत नाहीत. हाच बंदोबस्त पावसाळ्यातही उपयोगी पडतो, कारण आत शिरलेल्या दमट हवेने भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते, आणि ती एकदा चढली की साफसफाईचा खर्च दुर्बिणीच्या किमतीला भिडतो. जलरोधकतेची हमी लेखी मागावी. तोंडी हमी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच टिकते.

चष्मा लावणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. नेत्रभिंगापासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, हे अंतर माहितीपत्रकात दिलेले असते. ते १५ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर चष्म्यावरून पाहता येते. कमी असेल तर कडा कापल्या जातात आणि मुद्दाम मिळवलेले दृश्यक्षेत्र हातचे जाते. पाण्यावर दर खेपेला चष्मा काढून ठेवणे म्हणजे तो तळ्याला अर्पण करणे होय.

दुकानात परीक्षा कशी घ्यावी? आतल्या दिव्याखाली पाहू नये. दारापाशी येऊन रस्त्यापलीकडची पाटी पाहावी. दोन नळ्या डोळ्यांच्या अंतराइतक्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ होते की नाही पाहावे. मग उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने पाटी स्पष्ट करावी, नंतर डावी झाकून उजव्या नेत्रभिंगाचे कडे फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. बहुतेक दुर्बिणींची ही रीत आहे, आणि हे एकदा जुळवले की पुढे फक्त चाकाशी काम. मिनिटभर पाहून डोळ्यांवर ताण आला किंवा पाटी दुहेरी दिसू लागली, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत असे समजून ती परत ठेवावी. शेवटची परीक्षा आमची स्वतःची आहे: एका पायावर उभे राहून, एकाच हाताने दुर्बीण धरून पाटी वाचावी. लोक हसतील, हसू द्यावे. जी दुर्बीण एका पायावर वाचू देते तीच नावेत दिसू देते. पट बदलणाऱ्या, लाल चकचकीत भिंगांच्या आणि साठ पटीची बढाई मारणाऱ्या स्वस्त दुर्बिणी या परीक्षेत पहिल्याच फेरीत गळतात. विजेच्या घटावर चालून कंप शोषून घेणाऱ्याही दुर्बिणी आता मिळतात. त्या गुणाच्या आहेत, पण महाग आणि जड. आणि पाण्यात बुडाल्यावर त्या चालतील असे गृहीत धरू नये.

घेतलेली दुर्बीण नावेत कशी वागवावी, हेही सांगायला हवे. जलरोधक दुर्बीणसुद्धा पाण्यात दगडासारखी तळाला जाते. म्हणून तिला फुगीर, पिवळा किंवा नारिंगी तरंगता पट्टा लावावा आणि तो तिचे वजन पेलतो की नाही हे घरच्या बादलीत पाहून घ्यावे. गळ्यात लांब पट्टा लोंबकळू देऊ नये. तो वल्ह्यात अडकतो, आणि नाव उलटलीच तर गळ्यात गुंतू शकतो. छातीशी घट्ट बसणारा, चटकन सुटणारा पट्टा बरा. तरंगते जाकीट अंगात घातल्याशिवाय नावेत बसू नये; हा नियम दुर्बिणीच्याही आधीचा.

पाहण्याचीही एक रीत आहे. कयाक कुशीवर जास्त कलते, लांबीच्या दिशेने कमी. पक्षी बाजूला असताना पाहिले तर नावेचे कलणे थेट चित्राला वर-खाली फेकते. तेव्हा आधी नावेचे नाक पक्ष्याकडे वळवावे. मग कुशीवरच्या कलण्याने चित्र थोडे तिरपे होते, पण पक्षी दृष्टीतून निसटत नाही. शिवाय कमरेतून वळण्याचा धोकाही टळतो. वल्हे मांडीवर आडवे ठेवावे, कोपरे बरगड्यांना टेकवावी, दोन लाटांमधल्या क्षणाची वाट पाहावी. सोबती असेल तर दोन नावा शेजारी लावून एकाने दुसरीची कड धरावी. दोन डुलत्या नावांची मिळून एक बरीच स्थिर नाव होते. दर मिनिटाला दुर्बीण खाली करून भोवती पाहावे. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडे असतात, मच्छीमारांची जाळी असतात, वारा विचारून येत नाही. आणि सूर्याकडे दुर्बीण चुकूनही करू नये.

घरी आल्यावर भिंगे धोतराच्या किंवा रुमालाच्या टोकाने पुसू नयेत. धूळ आधी हवेच्या रबरी फुग्याने उडवावी, मग मऊ स्वच्छ फडक्याने हलकेच पुसावे. दुर्बीण सावलीत वाळवल्याशिवाय पेटीत ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्यात.

शेवटी, ज्यासाठी हा खटाटोप, त्या पक्ष्याविषयी. टिपेश्वरसारख्या अभयारण्यातल्या पाण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून नाव घालता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यासाठी आहे. पण जिथे कायद्याची पाटी नाही तिथेही पक्षी तोच असतो. थंडीत आलेले बदक परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवीत असते. आपली नाव जवळ गेली की थवा उठतो आणि दूर जाऊन बसतो. आपण पुन्हा मागे गेलो की पुन्हा उठतो. असे दिवसातून चार वेळा झाले, तर त्याने चरून मिळवलेले आपण उडवून लावले. पक्ष्यांनी माना वर केल्या की वल्हे थांबवावे आणि मागे सरावे.

दुर्बीण असते ती लांबचे पाहण्यासाठी, असे आपण समजतो. आमच्या मते ती लांब राहण्यासाठी असते. योग्य दुर्बीण हातात असली की दीडशे मीटरवर थांबूनही चक्रवाकाच्या पिसांचा केशरी रंग पोटभर पाहता येतो, आणि आपण आलो होतो हे त्याला कळतही नाही. त्यासाठी मोठा आकडा लागत नाही. सात-आठ पट, कोरडी भिंगे, वळवलेले नाक आणि थोडा धीर एवढे पुरते.